उपकरण क्रमांक नऊ

रायगड किनाऱ्यावरच्या तळखार या गावाचा खाडीकडचा बांध दोन किलोमीटर तीनशे मीटर लांब असून अलीकडेपर्यंत तो एका बाईच्या पायांनी तपासला जात होता, ही बाब संबंधित कार्यालयाच्या निदर्शनास फार उशिरा आली. कार्यालयाची स्वतःची पद्धत वेगळी होती. वर्षातून दोनदा जीप येऊन उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, दारापाशी थांबे, जीपमधून कोणी उतरत नसे, आणि अहवालात "बांध सुस्थितीत आहे" असे लिहिले जाई. दोन्ही पद्धती एकमेकींना न दुखवता वर्षानुवर्षे चालू होत्या.

ज्या बाईचे हे पाय, तिचे नाव येसूबाई. वय सत्तरीच्या पुढे. आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, गोड्या पाण्याची एकच विहीर आणि एकशे चाळीस घरे. मधे फक्त चिखल. त्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळे करतात आणि बिळांतून खारे पाणी वाट शोधते. येसूबाई रोज सकाळी अनवाणी बांधावरून चालत जाई. तळव्याला चिखल नेहमीपेक्षा गार लागला की थांबे, आतल्या अंगाला उतरे आणि झिरपणारे पाणी ओंजळीत धरी. पाणी निवळ असले तर ती पुढे जाई. बांधाला नुसता घाम आला आहे, असे ती म्हणे. पाणी गढूळ असले तर मात्र बांध आतून वाहून चालला, असा त्याचा अर्थ. मग ती गावाकडे तोंड करून हाक मारी.

हाक ऐकली की घरटी एक माणूस घमेले आणि पेंढा घेऊन धावत सुटे. दोन तासांत बीळ बुजे. ज्या घरातून कोणी आले नाही त्या घरच्या लग्नाला गाव जेवायला जाई, पण आहेर करत नसे. एवढ्या एका व्यवस्थेवर एकतीस वर्षे बांधाला भगदाड पडले नव्हते. तळखारमध्ये भगदाडाला खांड म्हणतात आणि तो शब्द सहसा उच्चारत नाहीत.

मी गावच्या वाचनालयात बसतो. मला सगळे मास्तर म्हणतात. मी कधी कोणाला शिकवलेले नाही. चष्मा आणि पुस्तके एकाच माणसापाशी दिसल्यामुळे लोकांचा तसा समज झाला असावा आणि तो दूर करण्याइतके मोठ्याने मला बोलता येत नाही. या हकिगतीत माझे काम फक्त लिहून देण्याचे होते, असे मी स्वतःला सांगत असतो.

अडीच वर्षांपूर्वी हिवाळ्यात मंतशा हळदे गावात आली. ती दिघीची. वडील रशीदभाई बावीस वर्षे कुवेतला नोकरी करून परतलेले. मुलीने पर्यावरणशास्त्र शिकून सेन्सरचा अभ्यास केला होता आणि एका संशोधन प्रकल्पातून ती आमच्या बांधाशी सेन्सर लावलेले आठ खुंट बसवायला आली होती. सहा खुंट बांधाच्या पोटातली ओल आणि खारेपणा मोजणार होते. उरलेले दोन, एक खाडीत आणि एक शेतात, पाण्याची पातळी मोजणार होते. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून ती स्वतः खड्डे खणत होती. येसूबाई बांधावर बसून बघत होती.

"वाईच डावीकडं घे गो बाय," तिसऱ्या खड्ड्याला न राहवून येसूबाई म्हणाली. "तितं काय मोजशील? तितं कातल हाय खाली. पानी इतनं येतं."

मंतशाने खड्डा डावीकडे घेतला. दोन हातांवर पाणी लागले.

"आजी, तुम्हाला कळतं कसं?"

"तुना पायात काटा टोचला तं कसा कलतो? तसाच."

मंतशाने हात पुसून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतले. येसूबाईचे बोलणे कोणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ. येसूबाई मागून मला विचारत होती, "मास्तर, त्या पोरीनं माजं नाव कनाला लिवलं? रेशनचं काय हाय का?"

महिनाभर मंतशाने एका रकान्यात खुंटांचे आकडे आणि शेजारच्या रकान्यात येसूबाईचे म्हणणे असे लिहिले. मग ती वाचनालयात आली. डोळे चमकत होते.

"मास्तर, दोन्ही जुळतात. फक्त मशीन एक दिवस मागे आहे. आजींना आज जे कळतं ते माझ्या सेन्सरला उद्या कळतं. मी रिपोर्टमध्ये आजींचं नाव टाकणार. मशीन बरोबर आहे की नाही, हे आजी ठरवणार."

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती.

येसूबाईचे नाव अहवालात टाकायचे म्हणजे कार्यालयाच्या नमुन्यात टाकायचे. त्या कामासाठी मंतशा मला बरोबर घेऊन गेली, कारण माझे अक्षर चांगले आहे. कार्यालयात मृणाली मॅडमनी नमुना उघडला आणि बराच वेळ वरखाली चाळला.

"माणसाचा तक्ता नाहीये यात," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वभाव खरोखर मदतीचा आहे. "जमिनीचा आहे, बांधकामाचा आहे, उपकरणांचा आहे. तुमच्या आजी यातल्या कशात बसतील?"

"त्या माणूस आहेत," मंतशा म्हणाली.

"ते मला कळतंय गं. पण नाव यायला पाहिजे ना? उपकरणांत टाकूया. आठ खुंट आहेत, नववं संदर्भ उपकरण. तुझंच म्हणणं आहे ना, त्यांच्यावरून बाकीचे तपासायचे? मग झालं तर."

मंतशा माझ्याकडे बघू लागली. मला ते बरे वाटत नव्हते. पण माझ्या बरे वाटण्या-न वाटण्यावर कार्यालय चालत नसणार, असा विचार करून मी पेन काढले. उत्पादनाचे वर्ष या रकान्यात येसूबाईचे जन्मसाल हवे होते. ते तिला माहीत नव्हते; "मोठ्या उधाणाच्या दुसऱ्या साली" एवढेच ती सांगे. मी तसेच लिहिले. ऊर्जेचा स्रोत: चहा, दिवसातून दोनदा. पाण्यापासून संरक्षण: आहे. बनावट: देशी. मी हे जरा गमतीने लिहिले होते, हे कबूल करतो. मॅडमनी ते वाचून शिक्का मारला.

आठवड्याने एक कर्मचारी स्टिकर घेऊन आला. आठ खुंटांवर आठ लावले आणि नववे कुठे लावायचे म्हणून तो येसूबाईभोवती फिरू लागला. शेवटी तिच्या काठीवर लावले.

"आता माजी काठी सरकारची?" येसूबाईने विचारले.

"नाही आजी," तो म्हणाला. "काठी तुमचीच. तुम्ही सरकारच्या."

पहिले वर्ष यात फारसे काही बिघडले नाही. एकदा येसूबाई भाचीच्या लग्नाला उरणला गेली असता प्रत्यक्ष पडताळणीचे पथक आले आणि "उपकरण क्रमांक नऊ जागेवर आढळले नाही" अशी नोटीस लागली. मी खुलासा लिहून दिला. यापुढे उपकरण प्रकल्पक्षेत्राबाहेर नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असे उत्तर आले. ते वाचून दाखवल्यावर येसूबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "नवऱ्यानं कवा इचारलं न्हाय कुटं चाललीस म्हणून," ती म्हणाली. तिला त्यात थोडा मान वाटत होता, असे मला वाटते. मलाही वाटत होता.

मग उपअभियंता सुजित थळे यांनी प्रकल्पात लक्ष घातले. थळेसाहेब वाईट गृहस्थ नाहीत. नीटनेटके आहेत. सहा खुंटांचे ओलीचे आणि खारेपणाचे आकडे पाहून त्यांचे डोके दुखले.

"मॅडम, वरच्यांना एक आकडा हवा असतो," ते मंतशाला म्हणाले. "एक आकडा, एक रंग. लोकांच्या मोबाइलवर ठिपका दिसला पाहिजे. हिरवा, पिवळा, लाल. बाहेरचं पाणी वजा आतलं पाणी, हा झाला धोका. जितका फरक जास्त, तितका बांधावर जोर जास्त. शाळेतल्या पोरालाही समजेल."

"सर, पण ओल काढून टाकली तर बांधाच्या आत काय चाललंय ते कसं कळणार?"

"आत काय चाललंय ते कोणाच्याच बाबतीत कळत नाही, मॅडम. आपण बाहेरून मोजायचं."

ठिपका सुरू झाला. सरपंच विनेश यांनी घरोघर फिरून तो प्रत्येकाच्या फोनवर घालून दिला. लोकांना तो फार आवडला. सकाळी उठून देवाला नमस्कार करायच्या आधी माणसे ठिपका बघू लागली. भात लावावे की नाही, पाहुण्याला मुक्कामाला ठेवावे की नाही, इथपर्यंत ठिपक्याचा सल्ला घेतला जाऊ लागला.

मे महिन्यात एका म्हशीने खाडीतल्या खुंटाला अंग घासले आणि ठिपका लाल झाला. थळेसाहेब जीप घेऊन भर उन्हात धावत आले आणि म्हैस बघून परत गेले. त्यांनी नियम केला: उपकरण क्रमांक नऊची खातरजमा झाल्याशिवाय ठिपका लाल करू नये. मंतशाला हा नियम आवडला. अखेर येसूबाईला विचारल्याशिवाय काही होणार नव्हते.

जूनमध्ये ठिपक्याचे रीतसर उद्घाटन झाले. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांचे पाचवे वाक्य चालू असताना बांधावरून येसूबाईची हाक आली. मंडपातली माणसे उठली ती थेट पळत सुटली. घमेली घरी राहिली होती म्हणून विनेशसरपंचांनी हारांचे तबक घेतले, आणखी कोणी खुर्ची घेतली. पाहुणे ध्वनिक्षेपक हातात धरून रिकाम्या मंडपाकडे बघत राहिले. बीळ बुजले; पण त्याच आठवड्यात दुसरा नियम आला: ठिपका लाल झाल्याशिवाय कोणीही हाक मारू नये. अनधिकृत इशारा दिल्यास गावाला बांधदुरुस्तीच्या यादीतून वगळण्यात येईल.

दोन्ही नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून वाचनालयाच्या दारावर लावले. येसूबाईच्या खातरजमेशिवाय ठिपका लाल होणार नाही. ठिपका लाल झाल्याशिवाय येसूबाई तोंड उघडणार नाही. वेगवेगळे वाचले तर दोन्ही शहाणपणाचे आहेत. एकाखाली एक लिहिताना मला काहीतरी दिसले होते. पण एवढ्या मोठ्या कार्यालयाला जे दिसले नाही ते आपल्याला कसे दिसेल, आपलाच वाचण्यात काही घोटाळा होत असेल, असे वाटून मी खिळा ठोकला.

मंतशाला मात्र ते लगेच दिसले. ती थळेसाहेबांशी भांडली. साहेबांनी तडजोड काढली: येसूबाईने हाक न मारता मंतशाच्या कानात सांगावे, मंतशाने फोनवर कळवावे. पावसाळ्याचे पहिले दोन महिने हे असे चालले. मंतशा आणि येसूबाई मिळून, गुपचूप, चार माणसे घेऊन बिळे बुजवत होत्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला चौथ्या खुंटाची वायर चिंबोरीने तोडली. खुंट सांगू लागला की बांध ठणठणीत कोरडा आहे. येसूबाई म्हणाली की ओला आहे. मंतशाने दुरुस्तीची मागणी पाठवली. उत्तर आले ते असे: दोन उपकरणांच्या मोजमापांत तफावत आढळली असून त्यांपैकी उपकरण क्रमांक चार वॉरंटीत आहे. सबब उपकरण क्रमांक नऊ सदोष असण्याची शक्यता अधिक असल्याने ते अंशांकनासाठी (अचूकतेच्या तपासणीसाठी) पाठवावे.

"अहो सर, आजींवरून मशीन तपासायचं होतं!" मंतशा फोनवर ओरडली. "तुम्ही उलटं करताय!"

"मॅडम, जुनं नव्यावरूनच तपासतात," थळेसाहेब शांतपणे म्हणाले. "नाहीतर नवं घ्यायचं कशाला?"

येसूबाईला तालुक्याला नेण्यात आले. मी बरोबर होतो. तिथल्या डॉक्टरांना उपकरणाच्या अंशांकनाचे पत्र बघून काही उमगेना, म्हणून त्यांनी तिची प्रकृती तपासली. प्रकृती उत्तम. टाचांना भेगा. त्यांनी मलम दिले आणि पंधरा दिवस पायमोजे घालून राहायला सांगितले. पत्रावर त्यांनी "पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावे" असे लिहिले. त्यावरून कार्यालयाने नोंद केली: उपकरण क्रमांक नऊ, अंशांकन प्रलंबित, मोजमाप ग्राह्य धरू नये.

"मास्तर, यात पाय आंदला झालाय माजा," पांढरे मोजे दाखवत येसूबाई म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, येसूबाई," मी म्हणालो.

त्याच सुमारास प्रकल्प यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. यशस्वी झाला म्हणजे संपला. लोकसहभागाचा नमुना म्हणून त्याचे सादरीकरण करायला मंतशाला पुण्याला बोलावण्यात आले. जायच्या दिवशी ती वाचनालयात आली आणि एका कागदावर तिचा नंबर लिहून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला.

"चौथा खुंट अजून बंद आहे. सव्वीस तारखेला मोठं उधाण आहे," ती म्हणाली. "मास्तर, ठिपक्यावर जाऊ नका. आजी काय म्हणतात ते ऐका. एवढं कराल ना?"

मी मान डोलावली. मान मी नेहमीच चांगली डोलावतो.

सव्वीस तारखेला भरती दुपारी साडेबाराची होती. साडेदहाला येसूबाई वाचनालयाच्या पायरीवर उभी राहिली. एक मोजा पायात, एक हातात. उघड्या पायाला घोट्यापर्यंत चिखल.

"मास्तर, चौत्या खुटाशी गढूल येतंय. दुदावानी पांडरं न्हाय, चहावानी. हाक मारू?"

"थांबा," मी म्हणालो. "बघतो."

मी फोन उघडला. ठिपका हिरवा होता. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: खातरजमा प्रलंबित. पाण्याच्या फरकावरून ठिपका एव्हाना लाल व्हायला हवा होता. पण लाल होण्यासाठी क्रमांक नऊची खातरजमा हवी, ती प्रलंबित, आणि प्रलंबित या अवस्थेला रंग ठरलेला नव्हता. तो ठरेपर्यंत आधीचा रंग कायम राहील, असे परिपत्रक होते. मीच ते फाइलला लावले होते.

मी थळेसाहेबांना फोन लावला.

"संदर्भ उपकरणाची खातरजमा घ्या," ते म्हणाले.

"साहेब, ते उपकरण माझ्यासमोर उभं आहे. गढूळ पाणी येतंय म्हणतं."

"अंशांकनाचं प्रमाणपत्र आहे?"

"मंगळवारी मिळेल."

"मग मास्तर, ते मोजमाप नाही. ते मत झालं. मतावर मी गाव कसं हलवू?"

त्यांचे म्हणणे मला एकदम खोडून काढता येईना. येसूबाई पायरीवरच होती. "काय म्हन्तो?" तिने विचारले. मी म्हणालो की बघू या, जरा नियम वाचतो. मी दारावरचे दोन्ही नियम पुन्हा वाचले. अक्षर माझेच होते, तरी वाचायला वेळ लागला. मग काचेखालच्या नंबरावर फोन केला. मंतशा सभागृहात होती, मागे टाळ्या ऐकू येत होत्या. मी सगळे क्रमाने सांगू लागलो. तिने मला मधेच तोडले.

"मास्तर, फोन ठेवा आणि ओरडा! तुम्ही स्वतः ओरडा!"

मी फोन ठेवला. खिडकीशी गेलो. तोंड उघडले. आयुष्यात मी कधी मोठ्याने हाक मारलेली नाही, बसलासुद्धा हात दाखवतो. तोंड पुन्हा मिटले. मग मी टेबलाशी आलो, कोरा कागद घेतला आणि "विषय: बांधाच्या चौथ्या खुंटाजवळील गढूळ पाण्याबाबत" असे लिहायला घेतले. वर मान केली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि पायरीवर फक्त एक पांढरा मोजा होता.

हाक तिने मारली. परवानगीशिवाय. मी एकतीस वर्षे ऐकलेली तीच हाक. एकशे चाळीस दारे उघडली. प्रत्येक दारात एक माणूस आला, एका हातात घमेले आणि बहुतेकांच्या दुसऱ्या हातात फोन. त्यांनी फोनकडे बघितले.

"आजे, हिरवा हाय गो!" विनेशसरपंच ओटीवरून ओरडले.

"हिरवा तुज्या फोनात! पानी बांदात हाय!"

"कशाला गावाला यादीतनं काढायला लावतेस? तुजं मशीन बिगाडलंय, साहेबांचं पत्र हाय!"

"माजं मशीन?" ती बांधावरून म्हणाली. तिचा आवाज एवढ्या लांबून स्पष्ट येत होता. "इन्या, तुजा बाप माज्या हाकेला जेवता जेवता उटायचा."

लोक थोडा वेळ दारात उभे राहिले, मग आत गेले. पाचजण गेले बांधावर. त्यांच्यापैकी तिघांचे फोन चार्ज नव्हते आणि दोघांकडे फोनच नव्हते. पाचांच्या घमेल्यांनी जेवढे व्हायचे तेवढे झाले. बारा वाजून चाळीस मिनिटांनी चौथ्या खुंटाजवळ खांड पडली. आधी म्हैस निघेल एवढी, मग बैलगाडी निघेल एवढी, मग मोजता येणार नाही एवढी.

माणूस एकही दगावला नाही, हे अहवालात ठळक अक्षरांत आहे. भात गेले. विहिरीत खाडी आली. मीठ जमिनीतून धुऊन निघायला तीन पावसाळे लागतात असे जाणते सांगतात. येसूबाईला पाचांनी पाण्यातून उचलून शाळेच्या ओट्यावर आणले, तेव्हा तिच्या हातात काठी होती आणि काठीवरचे स्टिकर जसेच्या तसे होते. बनावट खरोखरच चांगली.

चौकशीसाठी थळेसाहेब होडीतून आले. गावातून फिरताना त्यांचा चेहरा पडला होता. माझ्या वाचनालयाच्या दुसऱ्या पायरीला होडी लागली तेव्हा त्यांनी सवयीने फोन काढला, बघितला आणि माझ्यापुढे धरला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हे बघा."

ठिपका हिरवा होता. पूर्वीसारखा फिका नाही, गर्द हिरवा. असा हिरवा आम्ही पूर्वी पाहिला नव्हता. बाहेरचे पाणी दोन मीटर दहा. आतले पाणी दोन मीटर दहा. वजाबाकी शून्य. बांधावर कसलाही जोर नव्हता. भरतीला दोन्हीकडचे पाणी एकदम चढे, ओहोटीला एकदम उतरे, आणि फरक दिवसरात्र शून्याच्या आसपास राही. कोणाची खातरजमा घेण्याचीही गरज उरली नव्हती, कारण ती फक्त लाल रंगासाठी लागते.

मंतशाने सविस्तर अहवाल पाठवला. त्यात येसूबाईचे सकाळी साडेदहाचे म्हणणे तिने शब्दशः दिले होते. अहवाल परत आला: सदर मोजमाप ज्या उपकरणाचे आहे ते पुरात भिजल्यामुळे निर्लेखित करून नोंदीतून कमी करण्यात आले असून निर्लेखित उपकरणाची मोजमापे विचारात घेता येत नाहीत. मंतशाने आणखी चार पत्रे लिहिली. ती अजून लिहिते. दर महिन्याला दिघीच्या जेट्टीवरून बोटीने येते, उतरून पाण्यात पाय घालून येसूबाईशेजारी बसते आणि वहीत काहीतरी टिपून घेते. मी तिला विचारले की आता काय मोजतेस. ती म्हणाली, "खांड किती वाढतेय ते. आजी सांगतात, मी लिहिते. नमुन्यात नाही, माझ्या वहीत." माझ्याशी ती नीट बोलते. माझ्या टेबलाच्या काचेखालचा कागद मात्र तिने काढून नेला.

निर्लेखनाचे पत्र मीच येसूबाईला वाचून दाखवले.

"म्हंजे मी आता सरकारची न्हाय?"

"नाही."

"कुटं पन जाऊ शकते?"

"हो."

तिने भाताच्या जागी पसरलेल्या पाण्याकडे बघितले. "कुटं जाऊ?" ती म्हणाली. मी पत्राची घडी घातली. मग ती म्हणाली, "मास्तर, तुमी नियम वाचीत व्हतास तवा मी पायरीवर मोजीत व्हते. पाऊन तास लागला तुमाला. दारावर दोन वली व्हत्या."

यंदा जिल्ह्यातल्या सर्वांत सुरक्षित बांधाचा मान तळखारला मिळाला. सलग तीनशे दिवस धोका शून्य, असे प्रशस्तिपत्रात आहे. मजकूर माझ्याकडून लिहून घेतला, कारण अक्षर. हाच ठिपका आता साऱ्या किनाऱ्यावर बसवण्याचे घाटत आहे, आणि पुढे शहरांतही: नदीचा, हवेचा, पुलाचा, इमारतीचा, प्रत्येकाचा वेगळा. किहीमला आलेले काही पर्यटक मुद्दाम वाट वाकडी करून आमचा हिरवा ठिपका बघायला येतात आणि त्याच्यासोबत फोटो काढतात. फोटोत मागे पाणी छान दिसते.

ही हकिगत वाचून आपणांपैकी काहीजण तळखारचा ठिपका उघडून बघतील. तो हिरवाच असेल, आणि बघून आपणांस हायसे वाटेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही, मलाही वाटले होते. मग आपण आपल्या स्वतःच्या गावाचाही बघाल. तोही हिरवाच असेल. तेव्हा फोन खाली ठेवण्यापूर्वी एकदा आपले पाय कोरडे आहेत ना, एवढे तेवढे बघून घ्यावे. अर्थात हे माझे मत झाले. माझे अंशांकन झालेले नाही.